गुडघाभर हिरवं

४ मे

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आज दोन विषय होते. एक, शाळेच्या आवाराचं सुशोभीकरण. दुसरा, मागच्या टेकडीवरून दर पावसाळ्यात मैदानात उतरणारा गाळ. ठराव मात्र दोन्हींना मिळून एकच झाला: लोकवर्गणीतून सदाहरित झाडे लावणे. रोपवाटिकेचा माणूस छापील यादी ठेवून गेलाय. कोनोकार्पस, सप्तपर्णी, उलटा अशोक, फायकस, पिवळा दुरंता. प्रत्येक नावापुढे ‘बारमाही हिरवे’, आणि त्यापुढे दर.

सरपंच म्हणाले, “बाई, रस्त्यावरनं जाणाऱ्याला शाळा उठून दिसली पाहिजे.” मागणी रास्त आहे. पण या यादीत टेकडीचा मुरूम नाही, शेरडं नाहीत, वणवा नाही. पाणी कोण घालणार हेही नाही. यादी करायचं काम सुट्टीभर मी अंगावर घेतलं.

९ मे

भर दुपारी टेकडीवर गेले. मे महिन्यात जे हिरवं दिसतं तेच इथलं खरं बारमाही, म्हणून हीच वेळ निवडली. मोईच्या नुसत्या काठ्या उभ्या आहेत. सावर बोडकी. पळसाला नवी पानं आलीत, बहावा पिवळा झालाय पण पानं विरळ. पूर्ण हिरव्या होत्या त्या करवंदीच्या जाळ्या, तरवड, काटेरी हेंकळ, आणि ओघळीच्या कडेनं निर्गुडी. मोठ्या झाडांत कडुलिंब आणि करंज. दोन्ही उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं बदलतात, पण फार दिवस उघडी राहत नाहीत. जांभूळ एकच, तेही ओघळ जिथे खोल होते तिथे.

कोरेगाव तालुका पर्जन्यछायेतला. इथून साठेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या वाट्याला त्याचा आठवा-दहावा हिस्सा येतो. तिकडे अंजन, पिसा, जांभूळ वर्षभर दाट हिरवे राहतात, कारण त्यांना तेवढं पाणी आणि धुकं मिळतं. इकडच्या झाडांनी वेगळा हिशेब मांडलाय. पानातून पाणी उडतं, म्हणून पाणी संपत आलं की पानच टाकून द्यायचं. म्हणजे ‘सदाहरित’ हा शब्द ठरावातल्यासारखा कडक पाळला तर पळस, बहावा, मोई, सावर, खैर ही इथलीच झाडं यादीबाहेर जातात.

टेकडीवरून जरंडेश्वर समोर दिसतो. मारुती द्रोणागिरी नेत असताना त्याचा तुकडा पडला आणि हा डोंगर झाला, म्हणून त्यावर औषधी वनस्पती, असं आमच्याकडे सांगतात. आमच्या टेकडीवर तसला तुकडा काही पडलेला नाही. जे आहे ते काटेरी आणि कडू.

१४ मे

काल संध्याकाळी वळीव झाला. थोडाच वेळ, पण टपोरे थेंब. सकाळी शाळेची मागची भिंत पाहायला गेले. उघड्या जमिनीकडच्या भागावर लाल चिखलाचे शिंतोडे होते, पट्टी लावली तर जवळजवळ दोन फुटांपर्यंत. त्याच भिंतीला जिथे तरवडाचं झुडूप आणि वाळलेलं गवत टेकलेलं आहे तिथला चुना पांढराच राहिला.

उतारावर आणखी एक गोष्ट दिसली. लहान लहान खडे मातीच्या बारीक खांबांवर बसलेत. खड्याखालची माती वाचली, भोवतालची गेली. किती गेली ते खांबाच्या उंचीवरून कळतं. आमच्याकडे खडकावर वीतभर मुरूम आणि त्यावर बोटभर माती. काळ्या पाषाणातून एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. एका वळवात त्यातली किती जाते ते त्या खड्यांनी मांडून ठेवलंय.

माती आधी थेंबानं सुटते, मग वाहत्या पाण्यानं जाते. थेंब अडवायला झाड लावावं, असं कोणीही म्हणेल. पण उंच झाडाच्या पानावर पावसाचे थेंब एकत्र होतात, पाच मिलिमीटरपर्यंत मोठे होतात आणि मग पडतात. पंचवीस-तीस फुटांवरून पडणारा असा थेंब जवळपास पूर्ण वेगानं जमिनीवर येतो. खाली पालापाचोळा, गवत, झुडूप असेल तर ठीक. खाली झाडून स्वच्छ केलेली जमीन असेल तर मोठा थेंब साध्या पावसापेक्षा जास्त माती उडवतो. सागाच्या मोठ्या पानांखाली हे चांगलं दिसतं: वर गर्द छाया, खाली उघडी पडलेली मुळं.

आणि वळीव येतो केव्हा? मेमध्ये, जमीन सर्वांत उघडी असताना. तेव्हा बारमाही हिरवं हवंच आहे, पण ते डोक्यावर नको. गुडघ्यापर्यंत हवं.

१८ मे

आमच्या यादीची खरी परीक्षक आज भेटली. वाडीवरच्या एक मावशी रोज शेरडं घेऊन टेकडीवर जातात. त्यांच्यासोबत सकाळभर फिरले आणि शेरडू कशाला तोंड लावतं ते लिहीत गेले.

तरवड: “न्हाय. उपाशी मेलं तरी न्हाय.” निर्गुडी: वास घेऊन पुढे. अडुळसा: तसंच. कण्हेर विषारी, तिच्या वाटेला कोणी जात नाही. करवंद: कोवळी पालवी ओरबाडतात, पण काट्यांमुळे जाळीच्या आत तोंड जात नाही. हेंकळ: वरवर. सुबाभूळ, बोर, कोवळी बाभूळ: मेजवानी. कडुलिंब कडू म्हणून वाचेल असं समितीत सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मावशी हसल्या. “लिंबाला सोडत्यात व्हय? मोठा झाला की माणूस डहाळं तोडून घालतोय त्यास्नी, बारका असला तर मुळासकट.”

समितीतल्या तात्यांचा आग्रह सीताफळाचा. शेरडं पान खात नाहीत, मुरमात येतं, चार पैसे मिळतात. तिन्ही गोष्टी खऱ्या. फक्त उन्हाळ्यात ते पानं टाकतं, वळवाला उघडं असतं. मी ते यादीत ठेवलंय, पण खालून करवंद-तरवडाची साथ असेल अशाच जागी.

ग्रामपंचायतीनं चराईबंदी करावी असंही कोणी सुचवलं. राळेगण सिद्धी, हिवरे बाजार इथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानं पाळून दाखवली. पण ज्या घरी शेरडं हेच एटीएम आहे त्यांना वैरण कुठली देणार, याचं उत्तर आधी लागतं. तोवर शेरडं न खाणारी झुडपं, हेच आमचं कुंपण.

२३ मे

वेळूला जाऊन आले. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा महाराष्ट्रातल्या तीनच तालुक्यांत झाली: वरुड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव. पहिला नंबर वेळूनं काढला. तेव्हा तालुक्यात ए-फ्रेम आणि हायड्रोमार्कर हे शब्द घरोघरी पोचले. समान उंचीची रेघ शोधायची, तिच्यावर चर खणायचा, पाणी पळू द्यायचं नाही. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, कारण खालचा बांध कितीही भक्कम बांधला तरी वरचं पाणी सुटलं की तो फुटतो.

श्रमदान केलेले एक गृहस्थ चहा घेताना म्हणाले, “चर ही सुरुवात. झाडोरा नसला तर चार पावसाळ्यांत तो गाळानं भरतो आणि पुन्हा होतं तसं.” चर पाणी थांबवतो, पण चराच्या भरावाची मोकळी माती कोणीतरी धरून ठेवावी लागते. तिथे मुळं लागतात, तीही पहिल्याच वर्षी. झाडाला तेवढं जमत नाही, गवताला जमतं. म्हणून भरावावर आधी मारवेल, पवन्या आणि स्टायलोचं बी, मग झुडूप, मग झाड. हा क्रम वहीत ठळक करून ठेवला.

३० मे

रोपवाटिकेच्या यादीवर आज काट मारली.

कोनोकार्पस पहिला. परदेशातून आलेलं झाड, भराभर वाढतं, गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागांमुळे होणारा त्रास आणि पाइपलाइनीत शिरणारी मुळं ही कारणं. आमच्या शाळेची पाण्याची टाकी आणि नळ त्या कुंपणालगतच आहेत. सप्तपर्णी सुंदर आहे, पण दिवाळीच्या सुमाराला तिचा वास डोकं धरायला लावतो, आणि वर्गाच्या खिडक्या नेमक्या त्याच बाजूला. उलटा अशोक ना सावली देतो ना माती धरतो. दुरंता सतत कापायचा, सतत पाणी घालायचं.

आवारासाठी मग हे ठरवलं. रस्त्याकडच्या बाजूला बकुळ: हळू वाढते, पण सावली दाट आणि वर्षभर. दोन वर्गांच्या मधे करंज. नळाचं सांडपाणी जातं तिथे जांभूळ. कुंपणाला अडुळसा आणि कामिनी. अडुळसा फांदीवरून येतो, फुकट. कण्हेर बाहेर रस्त्याच्या कडेला ठीक आहे, हायवेच्या दुभाजकांवर ती टिकते हे रोज पाहतो, पण पहिलीची पोरं जिथे खेळतात तिथे विषारी झुडूप नको.

एक सदस्य म्हणाले, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा, शेरडं खात नाहीत आणि कायम हिरवी. दोन्ही खरं. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण खातं सुरू झाल्यावर गावोगाव जी झाडं लागली त्यांत ती आणि नीलगिरी पुष्कळ होत्या. वाकडीतिकडी का होईना, जगली. पण तिची चामड्यासारखी पानं लवकर कुजत नाहीत, थर साचतो, खाली गवत येत नाही. चौदा तारखेच्या पानावर जे लिहिलंय ते पाहता, खाली काही उगवू न देणारं झाड टेकडीला चालणार नाही.

८ जून

आज मृग लागला. पाऊस नाही, ढग आहेत. बी गोळा करायचं काम मात्र थांबवता येत नाही, कारण काही बी थांबत नाही. जांभळाचं बी सुकलं की संपलं, खाल्लं की आठवड्याच्या आत मातीत. कडुलिंबाचंही तसंच, दोन-तीन आठवडे फार झाले. करवंदाचं बी ताजंच पेरलं. करंजाच्या शेंगा महिनाभर आधीच गोळा केल्यात. तरवडाचं बी टणक, गरम पाण्यात रात्रभर भिजवलं.

बाभळीच्या बियांसाठी मावशींच्या वाड्यावर गेलो. शेरडं बाभळीच्या शेंगा खातात, बी रवंथ करताना टाकतात किंवा लेंडीतून बाहेर येतं. पोटातून गेलेलं बी लवकर रुजतं, त्याचं टणक कवच आधीच नरम झालेलं असतं. पोरांनी नाकं धरून पिशवी भरली. शेरडांकडून एवढं तरी येणं होतंच.

२३ जून

आर्द्राच्या सरींवर लागवड झाली. पालक, पोरं, समिती. टेकडी वरून खाली अशी वाटून घेतली:

माथ्यावर, जिथे खडक उघडा आहे, खड्डे घेतलेच नाहीत. फक्त गवत आणि तरवडाचं बी टोकून दिलं. तिथे खड्डा घेणं म्हणजे उरलीसुरली माती मोकळी करून वाऱ्यावर देणं.

त्याखाली समतल चर. चराच्या खालच्या अंगाच्या भरावावर गवत, भरावाच्या पायथ्याला करवंद आणि हेंकळ, आणि जिथे मुरूम खोल आहे तिथेच कडुलिंब, बाभूळ, सीताफळ. झाडं विरळ, झुडपं दाट.

ओघळीत छोटे दगडी बांध, दोन्ही काठांना निर्गुडीच्या काड्या. अंगठ्याएवढ्या जाडीची काडी, तिरकी रोवली की लागते. पुरात निर्गुडी वाकते, मोडत नाही, आणि तिच्या फांद्यांत पालापाचोळा अडकून मागे गाळ साचतो. पायथ्याशी, शाळेच्या वर, वाळ्याची एक सलग ओळ. करंज त्याच्या खाली.

वाळ्याबद्दल लोकांना शंका होती. कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला गुंडलुपेटचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा लावत आले. जागतिक बँकेच्या माणसांनी ते पाहिलं आणि १९८७ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंत. म्हणून शेजारच्या पिकाला त्रास नाही. ओळ मात्र सलग हवी. मध्ये हातभर फट राहिली की सगळं पाणी तिथूनच निघतं.

६ जुलै

वनमहोत्सवाचा आठवडा. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न व कृषी मंत्री असताना त्यांनी हा सुरू केला, हे पोरांना सांगितलं. त्यानंतरच्या मोठ्या मोहिमाही सांगितल्या. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटींपासून २०१९ मध्ये तेहतीस कोटींपर्यंत लक्ष्य गेलं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “आणि बाई, जगलेली मोजतात का?” आमच्या टेकडीवर जगलेलीच मोजू, असं तिला सांगितलं आणि मोजणीचं काम तिच्याच वर्गाला दिलं.

बाहेर नुसता वारा आहे. पश्चिमेला पाऊस झोडपतोय, आमच्याकडे भुरभूर. पर्जन्यछायेत जुलै असाच असतो. नव्या रोपांना ऊन मारत नाही, हा वारा मारतो. म्हणून प्रत्येक आळ्यात वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घालायला पोरांना लावलं.

९ ऑगस्ट

दोन दिवस चांगला पाऊस. ओघळीचं पाणी बाटल्यांत भरून आणलं: एक बाटली जुन्या उघड्या उताराकडच्या फाट्याची, एक दगडी बांधांखालची. रात्रभर ठेवल्या. पहिलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला, दुसरीच्या तळाशी त्याचा अगदी पातळ थर. विज्ञानाचा तास याच दोन बाटल्यांवर घेतला.

झाडांचा यात अजून काहीच वाटा नाही, ती वीतभर आहेत. हे काम गवतानं आणि दगडांनी केलं. झुडपांची पाळी पुढच्या पावसाळ्यात, झाडांची आणखी काही वर्षांनी. देणगीदारांना हा क्रम पटवणं अवघड जातं, त्यांना झाडासोबत फोटो हवा असतो.

३० सप्टेंबर

हस्ताचा पाऊस बरसतोय. आमच्या भागात परतीच्या पावसावरच बरंचसं वर्ष निघतं. टेकडीवर गवत कमरेएवढं आलंय. सातवीच्या वर्गानं मोजणी केली. सर्वांत जास्त जगलंय ते करवंद आणि निर्गुडी. तरवड दाट उगवलाय, काही ठिकाणी विरळ करावा लागेल. कडुलिंबाची रोपं शेरडांनी खाल्ली, मावशींनी सांगितलं होतं तशीच. बाभळीची जी रोपं करवंदीच्या जाळीच्या आत उगवली ती शाबूत आहेत. पुढच्या वर्षी कडुलिंबाचं बी जाळीच्या पोटातच टोकायचं. काट्याच्या आडोशाला मोठं होऊन ते मग जाळीच्या डोक्यावरून बाहेर येईल.

गवत कापून न्यायला गावाला परवानगी दिली, चरायला नाही. वैरणीच्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर असं निघालं: कापून न्या, शेरडं दावणीला बांधा. मावशींनी दोन भारे नेले, आणि अर्धी शेरडं तेवढे दिवस घरी राहिली.

२१ नोव्हेंबर

गवत पिवळं पडतंय. पेटवलं की पुढच्या वर्षी दाट येतं, असं मानणारे लोक दर उन्हाळ्यात डोंगर पेटवतात. आगीत जमिनीवर पडलेलं बी आणि कुजत आलेला पाला दोन्ही जळतात, आणि मेच्या वळवाला राखेखालची जमीन पुन्हा उघडी मिळते. करवंद बुंध्यातून परत फुटतं, पण वर्ष दोन वर्षांची रोपं जातात. म्हणून वाडीकडच्या अंगानं आणि रस्त्याकडनं जाळपट्टे काढायचे, आतलं गवत कापून उचलायचं.

संध्याकाळी समितीची बैठक. सरपंचांची तक्रार: “रस्त्यावरनं बघितलं तर टेकडी अजून उघडीच दिसतीया.” खरं आहे. गुडघाभर हिरवं दुरून दिसत नाही. मैदानात या पावसाळ्यात किती गाळ उतरला, हे विचारल्यावर मात्र शिपाई मामा म्हणाले की या वर्षी पाटी-फावडं काढावंच लागलं नाही. ठरावाचे शब्द बदलले. ‘सदाहरित झाडे लावणे’ याऐवजी ‘उतारावर जमिनीलगत बारमाही आच्छादन राखणे, आवारात सावलीची झाडे’. बकुळीची रोपं पुढच्या जूनमध्ये आणखी आणायची, रस्त्याकडची बाजू त्यांच्यावर सोपवली.

खर्चाच्या तपशिलात पहिली ओळ रोपांची होती, ती मी खाली नेली आणि वर राखण लिहिली. जूनपर्यंत राखणीला कोण, असं विचारल्यावर तात्यांनी मावशींचं नाव घेतलं. टेकडीचं पान न्‌ पान त्यांना ठाऊक आहे, आणि त्या राखणदार असल्या तर दुसऱ्याची शेरडं आत यायची नाहीत. मावशींना बोलावून घेतलं. त्यांनी महिन्याचा आकडा सांगितला. समितीनं तो कमी केला. “मग लिंबं तुम्हीच राखा,” म्हणून त्या उठल्या. आकडा त्यांचाच कायम झाला.